आप्पांची मोटार आणि माझं तोंड

बंद पडलेल्या मोटारीभोवती जमणाऱ्या माणसांइतकी निरुपयोगी जमात मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही. मोटार धडधाकट असताना तिच्या वाटेला कुणी जात नाही. ती एकदा मुकी झाली, की ज्याला सायकलची उतरलेली चेन बसवता येत नाही तोही बॉनेटखाली डोकं घालतो, एखादी वायर हलवून बघतो आणि गंभीर चेहरा करून मागं सरतो. वायर हलवून काय कळलं, हे त्याला कुणी विचारत नाही. मी विचारायचो. माझा तो स्वभाव होता आणि मला त्याचा अभिमानही होता.

साठ सालाच्या पुढंमागं मी दौंडला रेल्वेत फिटर होतो. डब्यांमधले दिवे-पंखे ज्या बॅटऱ्यांवर चालतात त्या डब्याच्या पोटाखाली पेटीत ठेवलेल्या असतात. त्यांचं ॲसिड बघायचं, पाणी भरायचं, कुजलेली टोकं घासायची, हे माझं काम. दिवसभर रुळांमध्ये उकिडवं बसायचं. वर बसलेल्या उतारूंना वाटायचं, दिवे आपोआप लागतात. ॲसिडनं भोकं पाडली नाहीत अशी माझी एकही पँट नव्हती. पण वीज कुठं आहे, कुठं नाही आणि कुठं अडली आहे, हे मला डोळे मिटून कळायचं. निदान तसं मी सगळ्यांना सांगायचो.

आमच्या यार्डात एक गार्ड होता. त्याची बहीण शिरूरकडच्या एका बड्या बागायतदाराला दिलेली. त्या बागायतदाराला सगळी पंचक्रोशी आप्पा म्हणे. घोडनदीच्या काठाला ऊस, पाणी उपसायची दोन इंजिनं, सोसायटीची चेअरमनकी आणि या सगळ्याच्या वर एक काळी मोटार, पुण्याच्या कुणा साहेबानं वापरून सोडलेली. त्या काळात आमच्या भागात खाजगी मोटार म्हणजे बोटांवर मोजण्याची वस्तू. आप्पांच्या वाड्यापासून सोसायटीची कचेरी पायी पाच मिनिटांवर होती. आप्पा मोटारीनं जायचे. मोटार शेडमधून काढायलाच दहा मिनिटं जायची. पण मोटार ही कुठं पोचण्यासाठी असते असं त्यांचं मतच नव्हतं, ती आपण येतोय हे लोकांना कळावं यासाठी असते.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात गार्ड माझ्या क्वार्टरवर आला. दाजींची मोटार शिरूरला भर बाजाराच्या दिवशी मामलेदार कचेरीसमोर मेली म्हणाला. दिवा नाही, हॉर्न नाही, स्टार्टर नाही, काही म्हणजे काही नाही. दहा जणांनी ढकलून पाहिली. हँडल मारून पाहिलं. शेवटी बैलजोडी जुंपून बाजारातून ओढत घरी न्यावी लागली. पुढं बैल, मागं मोटार आणि मोटारीत आप्पा. ते खाली उतरले का नाहीत, असं मी विचारलं. गार्ड म्हणाला, उतरले असते तर चालत जावं लागलं असतं.

हे ऐकून मला इतकं बरं वाटलं, की मी येतो म्हणालो.

‘‘पण एक अडचण हाय,’’ गार्ड म्हणाला. ‘‘दाजींचा ड्रायव्हर. त्यानं बॅटरी बदलली असा दाजींचा संशय हाय. दसऱ्याच्या आधी तो मोटार घेऊन एकटाच पुण्याला गेलता, ब्रेक नीट करायला. नवी बॅटरी तिथं इकली आन् जुनी बसवून आणली, असं दाजी म्हणत्यात. तुम्ही रेल्वेचं मानूस. तुमचा शब्द चालंल.’’

म्हणजे मला मोटार दुरुस्त करायला नव्हे, साक्ष द्यायला नेत होते. याचाही मला राग आला नाही. मला माझा शब्द चालतो हे ऐकायला आवडायचं.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. पाटस, वरवंड करत चौफुल्याला उतरलो आणि शिरूरकडं जाणारी एसटी पकडली. माझ्या पिशवीत चार वस्तू होत्या. पाने, कानस, बॅटरीचं ॲसिड मोजायची काचेची नळी, आणि होल्डरला दोन वायरी लावलेला मोटारीचा एक बल्ब. वाटेत गार्ड मला दाजींशी कसं बोलावं ते शिकवत होता. मध्येच तोडू नका, समोर बसू नका, आधी चहा घ्या. मी खिडकीबाहेर बघत होतो. माणसाला भेटण्याची एवढी तयारी करायची, तर मग न भेटलेलंच बरं.

शिरूरला बैलगाडी आली होती. दोन कोसांवर गाव. वाड्यामागं पत्र्याची शेड, शेडमध्ये मोटार आणि शेडला लागून एक खोली. त्या खोलीच्या दारात ड्रायव्हर उभा होता. पंचावन्न-साठीचा, पांढरी दाढी, खाकी सदरा इतका स्वच्छ धुतलेला की मला माझ्या पँटची लाज वाटली. त्याचं घराणं शिरूरचंच, पिढ्यानपिढ्यांचं मुसलमान कुटुंब. बाप टांगा चालवायचा, हा मोटार चालवायचा. आप्पांकडं त्याला पंधरा वर्षं झाली होती. त्या खोलीत तो आणि त्याची बायको राहत. गाव त्याला चाचा म्हणे. आप्पाही चाचा म्हणत आणि तुम्ही म्हणत. मोटार बंद पडल्यापासून मात्र ते त्याला ‘ए ड्रायव्हर’ म्हणायला लागले होते. बॉनेटला हात लावायचा नाही असा हुकूम होता आणि चावी आप्पांच्या कमरेला.

म्हातारा माझ्या जवळ आला. आवाज खाली करून म्हणाला, ‘‘मिस्तरी, बॅटरी चांगली हाय. तेवढं चारचौघांत सांगा. बाकीचं जे निघंल ते...’’

तेवढ्यात वाड्यातून हाक आली आणि त्याचं वाक्य तिथंच राहिलं. मीही ते पुरं करून घेतलं नाही. बॅटरी चांगली की वाईट हे मला ड्रायव्हरनं सांगायचं म्हणजे काय, असं माझ्या मनात आलं होतं.

चहा झाला. आप्पा पांढऱ्या स्वच्छ धोतरात, बोटात अंगठ्या. ते बोलायला लागले आणि त्यांनी बॅटरीचं निदान मला सांगितलं, माझी फी त्यांनाच द्यायला हवी अशा थाटात. बॅटरी कशी बदलली, कुणी बदलली, किती वाजता बदलली असेल. ‘‘तुम्ही फकस्त बगा आन् सांगा. पंचासमोर सांगा. मग त्याला शिरूरच्या चौकीत न्यायचा का घरातनंच हाकलायचा ते मी बगतो.’’ म्हातारा दाराशी उभा राहून हे सगळं ऐकत होता. चौकी हा शब्द आला तेव्हा त्यानं एकदा आपल्या खोलीकडं पाहिलं.

शेडमध्ये पंच जमलेच होते. गावातल्या सुज्ञांची कमी नव्हती. पीठगिरणीचा मालक होता. त्याला तेलाच्या इंजिनाचा अनुभव, म्हणून त्याच्या मते कॉम्प्रेशन गेलं होतं. दिवा लागत नाही तर त्यात कॉम्प्रेशनचा काय संबंध, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, इंजिनच थंड पडल्यावर दिवा कशाचा लागंल. दुसरे एक पेन्शनर हवालदार. ते मोठ्या लढाईत इराणला ट्रक चालवून आले होते आणि तेव्हापासून कुठल्याही गोष्टीवर बोलताना इराणपासून सुरुवात करत. इराणात असं झालं की ते बॅटरीवर गरम पाणी ओतत. मी म्हटलं, मग लढाई जिंकलो कशी? लोक हसले. हवालदार हसले नाहीत. मला वाटलं, सकाळ चांगली चालली आहे.

खरं सांगायचं तर असल्या मोटारीचं दुखणं शोधणं अवघड नसतं. आंधळेपणानं हात घालणारे ते अवघड करून ठेवतात. एकच दिवा लागत नसेल तर दिवा गेला. पण सगळंच एकदम मेलं असेल, तर शंभर ठिकाणी बघायचं कारण नाही, जिथून सगळं निघतं तिथंच बघायचं. ढकलून किंवा हँडल मारून ही मोटार सुरू होत नाही, कारण प्लगला ठिणगी देण्यासाठी आधी थोडी तरी वीज लागते. हँडल मारून घाम निघतो, वीज निघत नाही. हे मी मोठ्यानं सांगितलं, बाजारात मोटार ढकलणाऱ्यांपैकी जे तिथं हजर होते त्यांच्याकडं बोट दाखवून.

बॉनेट उघडलं. आत दसऱ्याचा सगळा थाट तसाच होता. आमच्याकडं खंडेनवमीला यंत्राची, हत्याराची पूजा करतात. रेल्वेत आम्हीही करायचो, हातोड्याला फूल, पान्याला कुंकू, आणि तेवढ्यावर थांबायचो. आप्पा थांबले नव्हते. इंजिनाला हळदीची बोटं, रेडिएटरला झेंडूची माळ, ती आता वाळून कडकडीत झालेली. बॅटरीवर तर हळद, कुंकू आणि तेल यांचा असा लगदा चढवला होता, की दोन्ही टोकं आणि त्यांना आवळलेले क्लँप कुठले ते ओळखू येईना. मी पंचांना म्हणालो, ‘‘देवाला एवढं तेल घालत नसाल.’’ कुणीतरी खोकून हसलं.

बॅटरीची बुचं उघडून सहाही घरांतलं ॲसिड मी नळीत ओढून पाहिलं. नळीतली कांडी सहाही वेळा वर तरंगली. बॅटरी भरलेली होती. वरचा लगदा पुसून तारखेची खूण पाहिली, तर ती नवीच होती, आप्पांनी दाखवलेल्या पावतीवरच्या खुणेशी जुळणारी. पंधरा मिनिटांत म्हाताऱ्यावरचा चोरीचा आळ उतरला.

मी बल्बच्या दोन वायरी बॅटरीच्या दोन टोकांना खुपसल्या. लगदा खरवडून आतल्या शिशाला टेकवल्या. बल्ब लख्ख पेटला. पंच मागं सरले. मी म्हणालो, ‘‘ही बॅटरी नवी, चांगली आणि भरलेली आहे. ज्यानं हिची चोरी झाली म्हटलं, त्याला बॅटरी म्हणजे काय ते माहीत नाही.’’ आप्पांच्या तोंडावर म्हणालो. म्हाताऱ्यानं डोळे मिटले आणि उघडले. एवढंच. त्याला हवं होतं ते झालं होतं. मीही तिथं थांबायला हरकत नव्हती. क्लँप काढले असते, घासले असते, लावले असते, मोटार सुरू करून दिली असती, आणि चहा घेऊन परत आलो असतो.

पण पंच माझ्याकडं बघत होते, आणि असे बघणारे डोळे मला दौंडच्या यार्डात कधी मिळत नव्हते.

मी वायरी आता क्लँपवर टेकवल्या, म्हणजे टोकावर नव्हे, टोकाला आवळलेल्या पट्टीवर. बल्ब पेटला नाही. एका बाजूला टोक, दुसऱ्या बाजूला पट्टी, असं आलटून पालटून पाहिलं. उण्याच्या, म्हणजे निगेटिव्हच्या, बाजूला वीज पट्टीत येत होती. अधिकाच्या, म्हणजे पॉझिटिव्हच्या, बाजूला टोकाशी होती आणि पट्टीत नव्हती. त्या दोघांत अंतर केसाएवढंही नाही. पण वीज तिथं अडली होती.

‘‘बघा,’’ मी म्हणालो, ‘‘नदीला पूर, आणि पाटात टिपूस नाही. दाराशी काहीतरी आडवं पडलंय.’’

पाना लावून अधिकाचा क्लँप सैल केला आणि उचलला. खाली टोकाला दोरा गुंडाळलेला होता. लाल-पिवळा, सात-आठ वेढे, व्यवस्थित गाठ मारून, तेलानं चिंब. एखाद्या लहान मुलाच्या मनगटाला बांधावा तसा गंडा. त्यावरून क्लँप घट्ट आवळलेला. एका कोपऱ्याला दोऱ्यातून थोडंसं शिसं उघडं राहिलं असावं, त्या टिचभर जागेतून चार-सहा दिवस वीज कशीबशी गेली. बाजारात स्टार्टर मारला, सगळा भार तिथं आला, आणि ती जागा जळून काळी झाली. नखानं खरवडली तर राख निघाली.

मी तो गंडा चिमटीत उचलून सगळ्यांना दाखवला. ‘‘हा कुणी बांधला?’’

 पीठगिरणीवाल्यानं आप्पांकडं पाहिलं, हवालदारांनी आप्पांकडं पाहिलं, आणि मग सगळ्यांनीच पाहिलं. सोसायटीची निवडणूक तोंडावर आली होती आणि दसऱ्याच्या आधी कुणी एक बुवा वाड्यावर येऊन राहून गेले होते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

‘‘महाराजांनी सांगितलं हुतं,’’ आप्पा म्हणाले. ‘‘यंत्राचा प्राण जिथं असंल तिथं बांदा म्हणून.’’

‘‘मग वरून बांधायचा. आतून कशाला?’’

‘‘वरनं बांदला आन् सुटला तर?’’

‘‘आणि अधिकालाच का? उण्याला का नाही?’’

आप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं, की या माणसाला एवढंही कळू नये. ‘‘उण्याला कशाला बांदायचा?’’

इथं मला राहवलं नाही. आज हे लिहितानाही मी खोटं बोलणार नाही, त्या घडीला मला जो आनंद झाला तसा फार थोड्या वेळा झाला. मी हसलो. मोठ्यानं हसलो. म्हणालो, ‘‘आप्पा, तेल लावलेला दोरा आणि तारेच्या खांबावरचा चिनी मातीचा कप, विजेला दोन्ही सारखेच, एकातूनही ती जात नाही. रेल्वेत असलं काम केलं असतं तर नोकरीवरून काढलं असतं. तुम्ही स्वतःच्या हातानं मोटारीचा गळा आवळलात, आणि चोर म्हणून धरलं कुणाला?’’

शेडमध्ये जो हशा पिकला त्यात सोसायटीचे सभासदही होते. बैलजोडी मोटार ओढत होती तेव्हा हे लोक तोंड दाबून हसले असणार. आज उघड हसायला परवानगी मिळाली होती, आणि ती मी दिली होती. कुणीतरी मागून म्हणालं, ‘‘अधिकाला बांदलं तरी उणंच पडलं की वो आप्पा.’’ आप्पांचा चेहरा तांबडा झाला, मग पांढरा झाला. ते माझ्याकडं बघतच नव्हते. मी दौंडचा, रेल्वेचा, मला ते काही करू शकत नव्हते. ते म्हाताऱ्याकडं बघत होते.

मी दोन्ही टोकं कानशीनं घासली, क्लँप आतून लखलखीत केले, लावले, आवळले. म्हाताऱ्याला म्हटलं, बसा आणि मारा स्टार्टर. आप्पांनी चावी फेकली. मोटार पहिल्याच फटक्याला सुरू झाली. हॉर्न वाजला, दिवे लागले. इतका वेळ हसणाऱ्या लोकांनी आता टाळ्या वाजवल्या, आणि त्या आपल्यालाच आहेत असं समजून मी हात पुसत उभा राहिलो.

‘‘ए,’’ आप्पा म्हणाले. म्हातारा मोटार बंद करून खाली उतरला. ‘‘गंडा आतून बांदलाय, हे तुला ठावं हुतं का न्हाई?’’

‘‘व्हय.’’

‘‘त्यानंच बंद पडली, हे बी कळलं हुतं?’’

 ‘‘व्हय.’’

‘‘मंग इतके दिवस तोंडाला काय झालं हुतं?’’

 म्हातारा खाली बघत राहिला. आप्पा हळू आवाजात बोलत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

‘‘माज्या हातनं चूक झाली ती तू बगितलीस, आन् मला बाजारातनं बैलानं वडत न्यायला लावलंस. आन् आज ह्यो परका मानूस माज्या दारात माजी लाज काढतो, तवा तू गप उबा. खोली आट दिवसांत खाली कर. ह्या मिस्तरीला स्टँडवर सोड, मोटार आणून लाव, आन् चावी आत दे. ते तुजं शेवटचं काम.’’

आता मी बोलायला हवं होतं. हा अन्याय आहे, हे तिथं उभ्या असलेल्या लहानथोर सगळ्यांना कळत होतं. पीठगिरणीवाला पायानं माती उकरत होता. हवालदारांना इराण आठवेना. माझं तोंड, ज्याचं दौंडच्या यार्डात सगळ्यांना भय वाटायचं, ते त्या घडीला उघडलं नाही. मी पिशवी उचलली आणि मोटारीत बसलो. गार्ड बहिणीकडं राहणार होता. तो मला निरोप द्यायलाही बाहेर आला नाही.

म्हातारा उत्तम मोटार चालवायचा. खड्डा यायच्या आधी मोटार हळू व्हायची आणि खड्डा आलाच नाही असं वाटायचं.  मैलभर गेल्यावर मी म्हणालो, ‘‘चाचा, तुम्ही आधीच का नाही सांगितलं?’’

‘‘सांगितलं हुतं की.’’ त्यानं रस्त्यावरची नजर काढली नाही. ‘‘खंडेनवमीला. पाना मीच दिला त्यांच्या हातात. म्हणलो, आप्पा, गंडा वरनं बांदा, आतनं नगं, करंट अडंल. तर म्हणाले, तुमच्या पिराचा असता तर आतनं बांदला असतात न्हवं? मग मी काय बोलनार? तवापास्नं गप झालो. बाजारात बंद पडली तवा मला कळलं. पर तितं शंभर मानसं. त्यांच्या देवाच्या दोऱ्यानं मोटार मेली, हे मी सांगायचं? मी म्हणलं, घरी नेऊन सांजच्याला कुनी नसताना सोडवतो, घासतो, लावतो. कुनाला कळनार न्हाई. तर घरी आल्या आल्या चावी काडून घेतली. बॉनेटला हात लावायचा न्हाई म्हणाले.’’

‘‘आणि मला का नाही सांगितलंत?’’

‘‘सांगतच हुतो. हाक आली.’’ त्यानं गिअर बदलला. ‘‘तुमाला सांगनार हुतो, की दोरा निघंल त्यो गपचूप खिशात घाला. आन् म्हणा, क्लँप ढिला झाला हुता. बस्स. एवडंच म्हणाला असता तर भागलं असतं.’’

माझ्या अंगातला खरेपणा जागा झाला. मी म्हणालो, ‘‘खोटं कसं बोलायचं?’’

‘‘खोटं कुटं? दोऱ्यावर आवळलेला क्लँप. ढिलाच तर हुता त्यो.’’

रेल्वेत मी जितकी वर्षं काढली तितकी वर्षं मला वाटत होतं, की चूक नेमकी कुठं आहे ते दाखवलं की काम झालं. चूक दाखवायची, तर ती कुणासमोर दाखवायची हेही कामातच धरायचं असतं, हे त्या म्हाताऱ्याला ठाऊक होतं. तो माझ्यापेक्षा चांगला फिटर होता. मी स्वतःला फार हुशार समजत होतो आणि मी शुद्ध गाढव होतो. आप्पांना मी हसलो, पण पंधरा वर्षांचा आसरा त्यांच्या एकट्याच्या मूर्खपणानं गेला नव्हता. त्यांचा मूर्खपणा तर क्लँप उचलला तेव्हाच दुरुस्त झाला होता.

‘‘पर चोर न्हाई, हे तुमी सगळ्यांसमोर सांगितलंत,’’ म्हातारा म्हणाला. ‘‘ते बरं केलंत.’’ हे तो मनापासून म्हणत होता. त्यामुळे मला जास्तच लाज वाटली.

शिरूरच्या स्टँडवर त्यानं मोटार लावली, मोटारीला वळसा घालून आला आणि माझ्या बाजूचं दार उघडून उभा राहिला. आप्पांसाठी उघडत असेल तसं. मी उतरलो. चौफुल्याची एसटी लागलेली होती. तो थोडा घुटमळला. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्याला बोलायला अवघड वाटत होतं.

‘‘मिस्तरी, ह्या वयात आता शिरूरला कोन ठेवनार मला. आप्पांनी काडलेला ड्रायव्हर म्हंजी झालंच. तुमच्या दौंडला तर मोटारीवाले हायेत. कुनाला ड्रायव्हर पायजे असला, तर माज्यासाठी एक शब्द टाकाल का? तुमचा शब्द चालतो म्हणत्यात.’’

मी हो म्हणालो. नक्की टाकतो म्हणालो. एसटीत जाऊन बसलो आणि मोजलं. दौंडमध्ये तेव्हा स्वतःची मोटार असलेली तीन माणसं होती. तिघांच्याही मोटारी मी कधी ना कधी दुरुस्त केल्या होत्या, आणि तिघांपैकी एकही आता मला दारात उभं करत नव्हता.